मोरीच्या पलीकडचे पाणी

१९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आमची आई आम्हा तिघा भावंडांना बाजेवर बसवून आंघोळ घाली. सुंभाने विणलेली बाज आणि तिच्याखाली मोठी परात. अंगावरून ओघळलेले पाणी परातीत पडे. त्यात आधी पोतेरी आणि पायपुसणी भिजत. उरलेले पाणी परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी जाई. साबण आठवड्यातून एकदाच मिळायचा, त्यामुळे इतर दिवशी तीच परात शेळीपुढे ठेवली तरी शेळी तोंड फिरवीत नसे. त्या वर्षी शेतात काही म्हणजे काही पिकले नाही, पण शेवग्याला शेंगा लागल्या होत्या हे मला पक्के आठवते. आमच्या दक्षिण नगर जिल्ह्यात ही काही आमच्या आईचीच युक्ती नव्हती. निम्म्या घरांतून बाजेखाली परात असायची.

हे सगळे आज आठवायला कारण घडले ते असे. परवा गावी असताना सकाळी सातच्या सुमारास दुधासाठी बाहेर पडलो. आळीतून चालताना धोतर सावरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी मला पँट वर धरावी लागली. नळाची वेळ संपत आली होती. प्रत्येक घराच्या मोरीतून फेसाळ पाणी रस्त्यावर येत होते. कुणी अंगण धूत होते, कुणी मोटारसायकल. खालच्या अंगाला, जिथे उतार संपतो, तिथे काळपट डबके साचले होते आणि त्यात दोन डुकरे निवांत बसली होती. याच गावात उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरची वाट पाहत बायकांनी हंड्यांच्या रांगा लावलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या रांगेत आमची आईही होती.

बँकेत अडतीस वर्षे काढल्यामुळे आकडे पाहिल्याशिवाय मला रागही नीट येत नाही. म्हणून घरी येऊन कागद घेतला. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले तेव्हा माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे माप ठरले. आमचे गाव साधारण दीड हजार वस्तीचे. म्हणजे रोजचे ८२,५०० लिटर. घरात आलेल्या पाण्यापैकी पिण्यात आणि स्वयंपाकात मुरते ते थोडे. बाकीचे, ढोबळमानाने सत्तर टक्के धरा, आंघोळ, भांडी आणि धुणे करून बाहेर पडते. हे झाले रोजचे जवळजवळ ५८ हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर पावणेसहा टँकर! ज्या टँकरसाठी तहसील कचेरीत अर्ज करून, सरपंचांना पुढे घालून, आमदारांना फोन करून आम्ही जिवाचे रान करीत होतो, त्यातले जवळजवळ सहा आम्ही आता रोज गल्लीत ओतून देतो. वर्षाचा हिशेब केला तर दोन कोटी अकरा लाख लिटर होतात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशी साडेनऊ शेततळी भरावीत एवढे हे पाणी. पाऊस जिथे साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक देवाचे आभार मानतात, तिथली ही गोष्ट.

पाण्याचा हिशेब ठेवणे आमच्या जिल्ह्याला नवे नाही. आमच्याकडच्या हिवरे बाजारचे नाव वाचकांना ठाऊक आहेच. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने पावसाचे माप घेऊन, ग्रामसभेत बसून, यंदा कोणती पिके घ्यायची आणि कोणती नाही हे ठरवायचा पायंडा पाडला. उसाला नाही म्हणायचे, बोअर घेऊ नये म्हणायचे, हे साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात बसून करणे सोपे नव्हते. राळेगणसिद्धीचेही तसेच. ताली, बांध, नालाबंडिंग हे शब्द इथली शाळकरी पोरेही बोलतात. पण हा सारा हिशेब आभाळातून पडलेल्या आणि जमिनीत मुरलेल्या पाण्याचा. नळाने घरात आलेले पाणी मोरीच्या भोकातून पलीकडे गेले की ते कुणाचेच राहत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमेची बाजू लख्ख लिहिलेली, आणि नावेची बाजू कोरी.

यात दोष फक्त गावकऱ्यांचा नाही, माझाही आहे. १९८५ नंतरची काही वर्षे मी जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या ग्रामीण शाखांतून शेतीकर्जे पाहिली. विहीर, इलेक्ट्रिक मोटर, पाइपलाइन, पुढे पुढे ठिबक, या सगळ्यांसाठी आमच्याकडे छापील अर्ज होते. पाणी आणण्यासाठी हवे तेवढे कर्ज. आलेले पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते, असा रकाना एकाही अर्जावर नव्हता आणि तो असावा असे मलाही कधी वाटले नाही. एकदा एका गावात विहिरीच्या कर्जाची तपासणी करून निघालो होतो. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिच्या दारातून शेजाऱ्याच्या मोरीचा ओघळ वाहत होता. मला म्हणाली, "सायेब, पानी आनायला समदे पैसं देत्यात. न्यायला कोन देतंय का?" मी हसून मोटारसायकलला किक मारली. ती थट्टा नव्हती हे कळायला मला पस्तीस वर्षे लागली.

आता माझी खरी चूक सांगतो. २०२१ साली निवृत्त झालो आणि वर्षातले सहा महिने गावी राहू लागलो. निवृत्त साहेब म्हटले की गावात थोडा मान असतो आणि ग्रामसभेत पहिल्या ओळीतली खुर्ची मिळते. २०२२ च्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बंदिस्त गटाराचा ठराव आला. चिखल जाणार, वास जाणार, गाव शहरासारखे दिसणार! मी उठून अनुमोदन दिले आणि वर चार वाक्यांचे भाषणही केले. टाळ्या झाल्या. दीड वर्षाने गटार पूर्ण झाले. भूमिपूजनाला एक फलक आणि लोकार्पणाला दुसरा. आळ्या खरोखरच कोरड्या झाल्या. गटार जिथे संपते तिथे मात्र कुणी फिरकले नाही, कारण तिथे फलक नव्हता.

ते संपत होते ओढ्यात. आणि त्याच ओढ्याच्या काठावर, थोडे खाली, गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. आपल्याकडे बहुतेक गावांची सार्वजनिक विहीर ओढ्याच्या किंवा नदीच्या कडेलाच असते. पाणी तिथे लागते म्हणून. पूर्वी मोरीचे पाणी आळीत सांडे, उन्हाने वाळे, मातीत जिरे. घाण दिसायची, पण ती गावभर विखुरलेली असायची. आम्ही ती पाइपात घातली, एकत्र केली आणि नेऊन विहिरीच्या डोक्यावर सोडली. २०२४ च्या आषाढात ओढा वाहू लागला आणि आठ दिवसांत गॅस्ट्रोची साथ आली. वीस-बावीस घरांतून माणसे आडवी झाली. आमच्या शेजारची सात वर्षांची नात तीन दिवस तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनवर होती. विहिरीच्या पाण्याचा नमुना 'पिण्यास अयोग्य' असा शेरा घेऊन परत आला. जलसुरक्षकाने टीसीएल पावडर टाकली, पुढे दोन महिने ती नेमाने टाकली गेली, आणि प्रकरण मिटले. पोरगी बरी झाली. तिच्या आजीने मला काही विचारले नाही. ठरावाला अनुमोदक कोण होते हे तिला माहीत नसावे. प्रोसिडिंग बुकात माझे नाव आहे.

त्यानंतर मी या विषयाचा थोडा अभ्यास करू लागलो, आणि पहिल्याच पायरीवर ओशाळलो. कारण उत्तर आमच्याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी सापडलेले होते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. शिक्षण वेल्लोरचे, पुढचे अमेरिकेतले. शहरात दवाखाना काढून सुखात राहता आले असते. त्यांनी पाहिले की औषध देऊन बरा केलेला रोगी त्याच आळीत परत जातो आणि पुन्हा आजारी पडतो. मग त्यांनी गावागावांतून बायका निवडायला लावल्या. त्यातल्या पुष्कळजणी निरक्षर होत्या आणि कितीतरी दलित होत्या. त्यांना शिकवून गावाच्या आरोग्यसेविका केले. गावागावांतून शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. या मंडळींनी जी कामे हाती घेतली त्यात एक होते शोषखड्ड्यांचे. घराच्या मोरीचे पाणी दारात साचू द्यायचे नाही, खड्डा खणून ते तिथेच जिरवायचे. साचलेले पाणी म्हणजे डास आणि डास म्हणजे हिवताप, हे त्या बायकांनी घरोघरी जाऊन सांगितले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगाने जामखेडचे नाव ऐकले. मी त्या भागात नोकरीला असताना असे खड्डे डोळ्यांनी पाहिले आहेत. एका दारात खड्ड्याशेजारी केळ होती आणि घडाचे वजन पाहून मी मालकाला बागायतीचे कर्ज हवे का असे विचारले होते! खड्ड्याकडे लक्ष गेले नाही, केळीकडे गेले. बँकवाल्याची नजर, दुसरे काय.

शोषखड्डा म्हणजे काही विज्ञानाचा चमत्कार नव्हे. कुटुंबाचे पाच-सहा माणसांचे दीड-दोनशे लिटर पाणी रोज जिरवायला चार फूट लांब, चार फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा पुरतो. तळाशी मोठे दगड, वर लहान दगड, वर खडी. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातले टेंभुर्णी हे गाव याच वाटेने गेले. त्यांनी खड्ड्याच्या मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवली. गाळ टाकीत खाली बसतो, वरचे पाणी भोकांतून दगडांत जाते, दगडांतून मातीत. उघडी गटारे बुजवून टाकली आणि डास हटले. मग जिल्हा परिषदेने हा प्रयोग जिल्हाभर नेला आणि 'नांदेड पॅटर्न' असे त्याला नाव पडले. आपल्याकडे कुठल्याही शहाणपणाला 'पॅटर्न' म्हटल्याशिवाय सरकारी कागदावर जागा मिळत नाही, तेव्हा नावाबद्दल तक्रार नाही.

मातीतून जाताना पाण्याचे काय होते, हे मला एका कृषी पदवीधर मित्राने समजावले. माती ही नुसती चाळणी नाही. तिच्यातले जिवाणू पाण्यातली सेंद्रिय घाण खातात, मुळे नत्र आणि स्फुरद ओढून घेतात. म्हणजे जे काम शहरात मोठमोठ्या टाक्यांतून हवा सोडून, विजेची बिले भरून करतात, ते परसातली चार हात जमीन फुकट करते. आपल्या आज्या-पणज्यांना नत्र-स्फुरद माहीत नव्हते, पण मोरीच्या मागे अळू, कर्दळ, केळ आणि गवती चहा लावायचा हे पक्के माहीत होते. कर्दळीची रोपे खडीत लावून त्यातून सांडपाणी सोडायची पद्धत आता अभियंते आराखड्यात काढून देतात. आमच्या सौभाग्यवतींचा मात्र एक आक्षेप कायम आहे: "अहो, मोरीतल्या अळूच्या वड्या मी पाहुण्यांना घालणार नाही." तो रास्तच आहे. या पाण्यावर फळझाडे घ्यावीत, शोभेची झाडे घ्यावीत. कच्ची खायची कोथिंबीर-मेथी घेऊ नये.

पण शोषखड्ड्याचा प्रचारक होऊन मी तुम्हाला फसवणार नाही. बँकेत असताना एवढे शिकलो की ज्या योजनेत अडचणी सांगितल्या जात नाहीत तिची थकबाकी आधी होते. पहिली अडचण मातीची. मुरमाड जमिनीत पाणी झरझर जिरते. काळ्या चिकण मातीत ते बसून राहते आणि पावसाळ्यात तर खड्डा उलटा भरून येतो. एकाच गावात वरची आळी मुरमाची आणि खालची काळीची असू शकते. म्हणून आधी हातभर खड्डा खणून त्यात पाणी ओतावे आणि घड्याळ लावून पाहावे. एवढी साधी परीक्षा न करता गावभर एकाच मापाचे खड्डे घेतले की निम्मे वर्षाच्या आत तुंबतात आणि मग लोक म्हणतात, ही योजनाच फसवी. दुसरी अडचण भांड्यांच्या पाण्याची. त्यात तेलकटपणा असतो, राख असते, भाताची शिते असतात. ती थेट दगडांत गेली तर सहा महिन्यांत खड्ड्याचे तोंड बंद. म्हणून खड्ड्याच्या आधी तळाला भोके पाडलेले मडके किंवा विटांची छोटी कुंडी हवी, त्यात नारळाचा काथ्या हवा, आणि तो काथ्या आठ-पंधरा दिवसांनी काढून बदलायला घरात एक माणूस हवा. हे काम घरातल्या बाईच्याच गळ्यात पडते, हेही कबूल करायला हवे. तिसरी गोष्ट, विहीर किंवा हातपंप असेल तिथून निदान तीस-पस्तीस फूट दूर. जिथे भूजल अगदी वर आहे, किंवा घरांना घरे चिकटून आहेत आणि परस नावाची वस्तूच उरलेली नाही, तिथे चार-सहा घरांचा मिळून एक मोठा खड्डा, नाहीतर गटार करून शेवटी पाणी स्थिर ठेवायचे तळे आणि त्यापुढे कर्दळीची वाफी, हेच करावे लागेल. गटार वाईट असे मी म्हणत नाही. शेवट नसलेले गटार वाईट. आणि डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. त्याचे खापर मोरीवर फोडता येणार नाही.

सगळ्यात नाजूक अडचण निराळीच आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगावी शौचालये झाली. २००० साली आर. आर. पाटलांनी ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा लोक हातात झाडू घेऊन बाहेर पडले होते. मी स्वतः एका गावात तपासणी समितीबरोबर फिरलो आहे. शौचालय झाले हे उत्तमच झाले. पण ते कसे झाले? सरकार सांगत होते दोन खड्डे घ्या. एक भरला की दुसरा सुरू करा. बंद केलेल्या खड्ड्यात वर्ष-दीड वर्षात मातीसारखे कोरडे, बिनवासाचे सोनखत तयार होते. लोकांना हे पटेना. 'खड्डा पाच वर्षांत भरला तर उपसायचा कुणी?' असे म्हणून ज्याची ऐपत होती त्याने घराखाली खोलीएवढी सेप्टिक टाकी बांधली, की नातवंडांच्या लग्नापर्यंत भरू नये. टाकी भरत नाही हे खरे, कारण तिच्या वरच्या अंगाला एक पाइप असतो आणि तो गुपचूप आळीतल्या गटारात सोडलेला असतो. मग गटारातले पाणी केवळ आंघोळीचे आणि भांड्यांचे राहत नाही. आमच्या गावी साथ आल्यावर ग्रामसेवक भाऊसाहेबांबरोबर मी फिरलो तेव्हा असे कितीतरी पाइप दिसले. त्यातला एक आमच्याच वाड्याचा होता. धाकट्या भावाने बांधकाम केले तेव्हा गवंड्याने 'सगळेच सोडतात' म्हणून सोडून दिला होता.

या बाबतीत आपल्याकडे थोर परंपरा आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन हे कोकणचे गांधी. भंगीमुक्तीसाठी त्यांनी स्वतः मैला वाहिला आणि मैल्याचे खत करणारा 'गोपुरी संडास' घडवला. त्यांच्याच विचारांच्या वाटेवरचे डॉ. सुहास मापुसकर देहूच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले आणि देहूचेच झाले. घराघरात शौचालय व्हावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे लोकांची मनधरणी केली आणि शौचालयाला जोडलेला बायोगॅस चालवून दाखवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मी गोबरगॅसची कर्जे मंजूर करीत असताना एका शेतकऱ्याने धाडस करून शौचालय गॅसला जोडले होते. त्याची आई म्हणाली, "त्या जाळावर देवाचा निवद व्हायचा न्हाई." शेवटी तोड निघाली. निवदाला चूल आणि चहाला, आंघोळीच्या पाण्याला गॅस. पुढे म्हातारीने गॅसवरचा चहा मलाही दिला आणि मी तो प्यालो. बाकीच्या गोष्टींप्रमाणे हाही सवयीचा प्रश्न.

आम्ही दक्षिणेकडचे लोक पुण्याच्या नावाने बोटे मोडतो. मोडावीतच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते, आणि भीमा आमच्या श्रीगोंदा-कर्जतच्या कडेने उजनीच्या फुगवट्यात जाते. उजनीच्या काठच्या माणसाला हिरवे पाणी आणि जलपर्णी काही वर्तमानपत्रात वाचावी लागत नाही. पुण्याची मोरी आमच्या तालुक्यात उघडते, असे मी एका भाषणात म्हणालो होतो आणि लोक खूश झाले होते. आता ते वाक्य उच्चारताना जीभ अडखळते. कारण आमच्या ओढ्याच्या खाली आणखी एक गाव आहे. त्याला आमचे गाव म्हणजे पुणेच.

आणि गावाच्या आतसुद्धा एक खालचे गाव असते. उताराला कोण राहते हे मराठी वाचकाला सांगायला नको. २०२० साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आमच्याकडेही नवा फलक लागला. वरच्या आळीचे पाणी मात्र पूर्वी वाहत होते तिकडेच वाहते. गटार तुंबले की ते फोडायला बोलावणे कुणाला जाते, हेही बदललेले नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. ज्या गटारात सेप्टिकचे पाइप सोडले आहेत त्यात उतरणारा माणूस 'गटार साफ करतो' असे कागदावर लिहिता येते. पाणी दारातच जिरवा असे मी म्हणतो त्याचे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठे कारण हे आहे. ज्याचे पाणी त्याच्या परसात. दुसऱ्याच्या दारात ते जायलाच नको आणि दुसऱ्याने ते उपसायलाही नको.

पैशाची अडचण आहे म्हणावे तर तीही नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी माणशी २८० रुपये धरले गेले. आमच्या दीड हजार वस्तीला ४ लाख २० हजार. त्यातले तीस टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे होते, आणि २०२१ ते २०२६ या पाच वर्षांच्या त्या निधीचा तीस टक्के भाग स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता. एका कुटुंबाचा शोषखड्डा म्हणजे चार दिवसांची मजुरी, दोन बैलगाड्या दगड, एक टाकी आणि हातभर पाइप. मग गावे खड्डे सोडून गटारे का मागतात? मी बँकेत इतकी अंदाजपत्रके पाहिली आहेत की उत्तर मला पाठ आहे. तीनशे खड्ड्यांची तीनशे ठिकाणी मापे घ्यावी लागतात आणि एमबीत तीनशे नोंदी कराव्या लागतात. त्यात सिमेंट कमी लागते आणि ठेकेदाराला गोडी नसते. खड्डा जमिनीखाली गेला की दिसत नाही, त्यावर नाव कोरता येत नाही. गटार मात्र सरळ, लांब, मीटरवर मोजता येणारे. त्याच्या कडेला उभे राहून फोटो काढता येतो. मी स्वतः असा एक फोटो काढून घेतला आहे. कपाटात आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही वाड्याचा पाइप गटारातून काढला. टाकीचे पाणी जिरवायला मागे, विहिरीपासून लांब, वेगळा चर घेतला. मोरीसाठी शोषखड्डा केला आणि शेजारी केळीचे दोन कंद लावले. भाऊ आधी कुरकुरला, मग स्वतःच कुदळ घेऊन उभा राहिला. पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तुंबला, कारण मडक्यातला काथ्या दोन महिने कुणी बदलला नव्हता. आळीतले सगळे बघायला आले आणि साहेबांचा खड्डा फसला म्हणून मनसोक्त हसले. दगड वर काढून धुतले आणि पुन्हा भरले. आता काथ्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो, दुधाच्या हिशेबाशेजारी. आळीतल्या आणखी तीन घरांनी खड्डे घेतले आहेत. त्यातले एक घर त्या शेजारच्या नातीचे.

येत्या ग्रामसभेसाठी आम्ही दोन ओळींचा ठराव दिला आहे. पुढे कुठल्याही गटाराचे अंदाजपत्रक मांडताना ते कुठे संपणार हे नकाशावर दाखवावे, आणि आत्ताच्या गटाराचे तोंड विहिरीच्या खालच्या अंगाला वळवून तिथे तळे घ्यावे. सरपंचताईंनी अर्ज स्वीकारला. विषयपत्रिकेत त्यांनी तो अकरावा ठेवला आहे. सात-आठ विषय झाले की चहा येतो आणि चहानंतर लोक उठतात, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून तो तिसऱ्या क्रमांकावर घ्यावा असा दुसरा अर्ज मी काल टाकला आणि त्याची पोच घेतली.